अनुमोदक

हात वर गेला तेव्हा यज्ञेश्वर डाव्या बॅकचा विचार करत होता. रविवारच्या मॅचला डावीकडे कुणाला खेळवावं हा घोर त्याला लागला होता, कारण चौदा वर्षांखालच्या टीममध्ये डाव्या पायाचं पोर एकच, आणि त्याला नेमक्या आता कांजिण्या आल्या होत्या. विद्युल्लता क्रीडा मंडळाची मासिक सभा नारायण पेठेतल्या एका शिकवणीच्या वर्गात नेहमीसारखी चालली होती. म्हणजे फळ्यावर कुणा पोराचं अर्धवट समीकरण तसंच राहिलेलं, कमिटीचे पोक्त सभासद शाळकरी बाकांत गुडघे आपटत बसलेले, आणि सगळ्यांचं अर्धं लक्ष कोपऱ्यातल्या बटाटेवड्यांच्या पुड्याकडे. अध्यक्ष आप्पासाहेब काहीतरी वाचत होते. वाचून झालं. सचिव सुनीतीनं लॅपटॉपवरची नजर न काढता विचारलं, "अनुमोदक?" आणि यज्ञेश्वरचा उजवा हात वर गेला. गेली कित्येक वर्षं तो असाच जात होता, त्यासाठी यज्ञेश्वरनं जागं असण्याची गरज नव्हती. टाळ्या वाजल्या. त्यानंही दोनचार वाजवल्या. एरवी ठरावाला कुणी टाळ्या वाजवत नाही, म्हणून अभिनंदन कुणाचं चाललंय ते बघायला त्यानं मान वळवली, तर सगळे त्याच्याकडेच बघत होते. सुनीतीनं पिशवीतून शाल काढली, मागोमाग नारळ काढला. शाल घडीची होती, नारळाची शेंडी नीट विंचरल्यासारखी होती. म्हणजे हे सगळं आधीच आणून ठेवलं होतं तर, एवढंच त्याच्या मनात आलं आणि तिथंच थांबलं.

"तुमी आता आराम करायचा, यज्ञेश्वर," आप्पासाहेब शाल पांघरत म्हणाले. "मार्गदर्शक म्हणून नाव लागंल बोर्डावर. पोरांना तुमचाच चेला बजरंग बगंल. त्याच्याकडं लायसन हाय."

आता हे लायसन काय, ते सांगायला हवं. लीगचा नियम आला होता, की पुढच्या हंगामापासून मॅच चालू असताना रेषेच्या आत, खेळाडूंच्या बाकाशी, फक्त लायसनवाला प्रशिक्षक उभा राहील. लायसन मिळवायचं तर शिबिर करावं लागतं, शिबिराची वेळ पडते नेमकी सकाळची, आणि सकाळी यज्ञेश्वर मैदानावर असतो. "पुढच्या वर्षी बघू," असं तो दर वर्षी म्हणाला. पुण्यात हे वाक्य म्हटलं की काम झाल्यातच जमा होतं. सुनीतीनं दोनदा आठवण केली होती, ते खोटं नाही. ती एका आयटी कंपनीत माणसं नेमायच्या खात्यात होती, मुलगी मंडळात खेळायला आली म्हणून कमिटीत आली, आणि मुलीनं फुटबॉल सोडून गिटार धरली तरी ती राहिली. टेबलापाशी येऊन ती हळू आवाजात म्हणाली, "सर, इट्स नथिंग पर्सनल हं. गव्हर्नन्सचा भाग आहे. आणि तुम्ही स्वतः अनुमोदन दिलंत ना, सो ग्रेसफुल. मला इतकं बरं वाटलं. पुढच्या सभेत इतिवृत्त कायम झालं की झालंच." यज्ञेश्वरनं मान डोलावली. त्याच्या हातात वडा दिला गेला आणि तो त्यानं खाल्ला. वडा चांगला होता.

बाहेर पडल्यावर घर डावीकडे, पाच मिनिटांवर. पण पाय उजवीकडे वळले आणि तो लक्ष्मी रस्ता ओलांडून चालत राहिला, खांद्यावर शाल, काखेत नारळ, कुठल्यातरी सत्कारातून पळून आलेल्या माणसासारखा. दुकानांचे दिवे, पार्किंगवरून चाललेली भांडणं, उसाच्या गुऱ्हाळाचे घुंगरू, सगळं दिसत होतं, ऐकू येत होतं, पण काचेपलीकडून. दुःख व्हायला हवं होतं. त्यानं प्रामाणिकपणे शोधून पाहिलं, दातात अडकलेलं जिभेनं शोधावं तसं, पण सापडलं नाही. फक्त उजवा हात खांद्यापासून जड वाटत होता, उशाखाली घेऊन झोपलेल्या हातासारखा. भानावर आला तेव्हा तो स्वारगेटला उभा होता. मैदानाची बस इथूनच सुटते, पाय आपले सवयीनं आले होते. मैदान आप्पासाहेबांच्या शेतात, शहरानं गिळलेल्या गावात. पूर्वी मंडळाची पोरं नदीकाठच्या मोकळ्या जागेत खेळायची, ती जागा गेली, तेव्हा आप्पासाहेबांनी ज्वारीचं वावर दिलं आणि त्याबरोबर अध्यक्षपद घेतलं. तेव्हापासून कमिटीत दोन तट. पेठेतले म्हणत, मंडळ आमचं. आप्पासाहेबांचे म्हणत, जमीन आमची. दोघांचंही खरं, म्हणूनच भांडण मिटत नव्हतं. पेठेतल्यानं ठराव मांडला की गावाकडचा अनुमोदन देत नसे, गावाकडच्यानं मांडला की पेठेतले चष्मे पुसत बसत. गोलपोस्टला जाळी बसवायचा ठराव या घोळात अख्खा उन्हाळा पडून राहिला होता.

त्यावर तोड हिंदुराव मास्तरांनी काढली. हिंदुराव मास्तर म्हणजे मंडळाचे संस्थापक, पेठेतल्याच शाळेचे ड्रिल मास्तर, यज्ञेश्वरला फुटबॉल शिकवणारे. म्हातारपणी त्यांनी शिट्टी यज्ञेश्वरच्या गळ्यात घातली, आणि त्याच संध्याकाळी पहिल्या सभेला जाताना जिन्यात थांबवून सांगितलं, "हे बघ. कोचनं कमिटीत बोलायचं नाही. बोललास की कुठल्यातरी तटाचा झालास, आणि तटाचा झालास की मैदान गेलं. ठराव कुणाचाही असो, तू अनुमोदन द्यायचं. हात वर करायचा आणि घरी जायचं. सकाळी पोरं आपली." तेव्हा विमा कचेरीत कारकुनी करणाऱ्या यज्ञेश्वरला ते पटलं. तिथंही हेच चाललं होतं. मग जाळ्यांचा ठराव, शताब्दी वगैरे नसताना स्मरणिका काढायचा ठराव, मैदानात आप्पासाहेबांच्या पुतण्याचा लग्नमांडव घालू देण्याचा ठराव, सगळ्यांना अनुमोदक यज्ञेश्वर. मांडवाच्या खड्ड्यांत पुढे महिनाभर पोरांचे घोटे मुरगळले, तेव्हाही तो बोलला नाही. पहाटे जाऊन त्यानं घमेल्यानं खड्डे भरले. मैदान मात्र राहिलं, मास्तरांचं चुकलं नव्हतं. स्वारगेटच्या बाकावर बसून त्याला एवढंच आठवत राहिलं, की मास्तरांनी हात वर करायला शिकवलं आणि कधी करायचा नाही ते शिकवायचं राहून गेलं. मैदानाची बस आली, त्याच्यासमोर थांबली, कंडक्टरनं ओळखीनं भुवई उडवली, आणि तो बसला नाही म्हणून निघून गेली.

घरी श्यामलानं दार उघडलं आणि आधी नारळाकडे पाहिलं. ती मुलींच्या शाळेत गणित शिकवून निवृत्त झाली होती, तिला मांडणीआधी उत्तर दिसायचं.

"नारळ कशाचा?"

"सत्कार झाला."

"कशाबद्दल?"

तो चपला काढत राहिला. चप्पल काढायला इतका वेळ कुणाला लागत नाही. "मार्गदर्शक केलं," तो म्हणाला. "बजरंग घेणार आता टीम."

"म्हणजे नारळ दिला," श्यामला म्हणाली. "आणि तुम्ही काय केलंत?"

"अनुमोदन."

श्यामलानं हात पुढे केला. मग तिनं नारळ घेतला, हलवून पाणी किती आहे ते कानाशी पाहिलं, आणि आत निघून गेली. "तोंड दिलंय ना देवानं?" आतून आवाज आला. "पुढच्या सभेत बोला. कायम होईपर्यंत काही कायम नसतं. लग्न झाल्यापासून बघतेय, मैदानावर तुमचा आवाज नदीपलीकडे जातो आणि चार माणसांत बसलात की मुका." दुसऱ्या दिवशी तिनं त्या नारळाच्या वड्या केल्या. त्यानं त्या खाल्ल्या. गोड होत्या, असं त्यानं सांगितलंसुद्धा.

सकाळी जाग मात्र नेहमीच्या वेळी आली आणि करायला काही नव्हतं. तो गॅलरीत उभा राहिला. तोंड दिलंय हे त्यालाही माहीत होतं. पुढच्या सभेत उठून म्हणायचं, मी ऐकलं नव्हतं, माझं लक्ष नव्हतं, अनुमोदन मागं घेतो, मी शिबिर करतो, एक हंगाम द्या. एवढंच. पण म्हणायचं कसं? कमिटीचा ठराव ऐकत नाही असा माणूस म्हणायचा, की आपल्यालाच काढायचं आणि आपल्यालाच कळलं नाही असा? मनात वाक्य जुळवलं की हात जड व्हायचा. श्यामला म्हणाली डॉक्टरांना दाखवा. डॉक्टरांनी मान दाबून पाहिली, वयाप्रमाणे आहे म्हणाले. पुण्यातले डॉक्टरसुद्धा चुकीचं सांगत नाहीत, फक्त कमी सांगतात.

तिसऱ्या दिवशी बजरंग घरी आला. दारातच वाकून पाया पडला, पेढ्यांचा पुडा टेबलावर ठेवला आणि खुर्चीच्या कडेवर बसला. बजरंग गुलटेकडीचा, बाप मार्केट यार्डात पोती वाहायचा. भरदार पोरगा, पण यज्ञेश्वरसमोर आला की अजून तेरा वर्षांचाच होई. "सर, मी आप्पासाहेबांना दोनदा नाही म्हणलो होतो," तो म्हणाला. "सर असताना मी नाही, असं तोंडावर सांगितलं. मग सुनीतीमॅडमचा फोन आला, सरांनी स्वतः अनुमोदन दिलंय म्हणून. म्हणलं, सरांचा हात हाय ना पाठीवर, मग घेतो. नाहीतर टीम घेतली नसती, आईशपथ. कालच नोकरी सोडली, सर." यज्ञेश्वर त्याच्याकडे पाहत राहिला. आत्ता सांगावं. सांगितलं तर हा उद्या सोडील, लगेच, आणि नोकरी सोडून आलाय हा. खिडकीतून कुकरच्या शिट्ट्या ऐकू येत होत्या. "डावीकडे कुणाला खेळवतोयस?" यज्ञेश्वरनं विचारलं. बजरंगचा चेहरा उजळला आणि तो टेबलावरचे पेढेच मांडून टीम दाखवायला लागला.

रविवारी यज्ञेश्वर मॅचला गेला, कारण मार्गदर्शकानं जायचं असतं. त्याच्यासाठी प्लास्टिकची खुर्ची ठेवली होती, रेषेपासून पुरेशी लांब, पाठीवर कागद चिकटवून: "मार्गदर्शक". खुर्ची उन्हात होती. सुरुवातीला पोरं वळून वळून त्याच्याकडे बघत होती, मग बघायची थांबली. पोरं ती, खेळ चालू झाला की त्यांना चेंडू दिसतो, आणि तसंच असायला हवं, हे त्यानंच शिकवलेलं. दुसऱ्या हाफमध्ये समोरचा फॉरवर्ड चेंडू घेऊन आत घुसला आणि आपला डावा बॅक जागच्या जागी थांबला, हात वर करून, रेफ्रीकडे बघत. समोरचा ऑफसाइड आहे असं वाटलं की बचावातली पोरं हे करतात. हात वर, पाय बंद. रेफ्री शिट्टी वाजवत नाही, फॉरवर्ड गोल करून जातो आणि ह्यांचा हात वरच. यज्ञेश्वरनं उभ्या आयुष्यात पोरांना एक गोष्ट सांगितली असेल तर ही: हात वर करायचा नाही, शिट्टी होईपर्यंत खेळायचं. बजरंगच तेरा वर्षांचा असताना फायनलमध्ये असाच हात वर करून उभा राहिला होता, आणि कप गेला होता. पुढचा आठवडाभर यज्ञेश्वरनं त्याला उजवा हात चड्डीच्या इलॅस्टिकमध्ये खोचून खेळायला लावलं. पोरगा तिरपा पळायचा, पडायचा, उठायचा, हात बाहेर काढायचा नाही. रडला नाही. यज्ञेश्वरनं तोंड उघडलं, आवाज घशाशी आला, पण त्याआधीच रेषेवरून आरोळी आली, "हात खाली! खेळत राहा!" शब्द तेच, चढउतार तोच, "खाली"वरचा हेलसुद्धा तोच. आवाज तेवढा बजरंगचा होता. पोरगं भानावर आलं, धावलं, आणि चेंडू बाहेर गेला. गोल झाला नाही. शेजारी उभा असलेला कुणाचातरी बाप म्हणाला, "हा नवा कोच भारी आहे." यज्ञेश्वर "हो" म्हणाला. आपण काय वाटून घ्यायचं ते त्याला कळेना. आपल्या मापाचा सदरा दुसऱ्याच्या अंगावर बघावा आणि तो त्याला बरा बसावा, तसं काहीतरी झालं. तेही फार वेळ टिकलं नाही. ऊन मात्र लागत होतं.

सभेच्या दिवशी श्यामलानं त्याला इस्त्रीचा शर्ट काढून दिला. "काय बोलायचं ते पाठ आहे ना?" तिनं विचारलं, आणि तो हो म्हणाला. वर्गात फळ्यावर आज भूमिती होती. यज्ञेश्वर सवयीनं मागच्या कोपऱ्यातल्या खुर्चीकडे निघाला, तर तिथं बजरंग बसला होता, पॅंटमध्ये खोचलेला शर्ट, हात मांडीवर. ती प्रशिक्षकाची खुर्ची. मार्गदर्शकाला पहिल्या बाकावर जागा होती. तो बसला आणि त्यानं उजवा हात मांडीखाली घेतला, तळवा बाकाला, वर सगळं वजन. आज हा हात वर जाणार नाही, एवढं एकच त्यानं ठरवलं होतं. बाकीचं नंतर. सुनीतीनं मागच्या सभेचं इतिवृत्त वाचायला घेतलं. आपलं नाव त्यानं दोनदा ऐकलं, एकदा मार्गदर्शक म्हणून, एकदा अनुमोदक म्हणून. "इतिवृत्त कायम करावं," आप्पासाहेब म्हणाले, "सूचक मी." सुनीतीनं विचारलं, "अनुमोदक?"

पंखा फिरत होता. यज्ञेश्वरनं हात दाबून धरला. हाताला खरोखरच ओढ होती, आपल्या अंगात राहून दुसऱ्याचं ऐकणाऱ्या भाडेकरूसारखी. कुणी हललं नाही. कुणाला हलायची सवय नव्हती. आता सगळे आपल्याकडे बघतील, असं त्याला वाटलं. आता विचारतील, का हो, आणि मग आपण बोलू. सुनीतीच्या बोटांचा कीबोर्डवर टकटक आवाज झाला. "ओके, विषय क्रमांक दोन," ती म्हणाली.

"थांबा," यज्ञेश्वर म्हणाला. स्वतःचा आवाज त्याला अनोळखी वाटला. "अनुमोदक कोण लिहिलंत?"

"तुम्हीच, सर."

"मी हात वर केला नाही."

सुनीतीनं पहिल्यांदा मान वर केली. तिच्या चेहऱ्यावर लबाडी नव्हती, नुसतं आश्चर्य होतं. "पण सर, तुमचंच नाव असतं," ती म्हणाली. "मी तर घरूनच टाइप करून आणते. मागच्या वेळी पण तसंच होतं."

"मागच्या वेळी माझा हात वर होता का?"

"असेल ना, सर. मी पाहिलं नाही."

ज्या हातानं इतके दिवस त्याला स्वस्थ बसू दिलं नाही, ज्याच्यासाठी त्यानं डॉक्टर गाठला, त्या हाताकडे कुणी बघितलंच नव्हतं. तो वर गेला काय, खाली राहिला काय. जाळ्या, स्मरणिका, मांडव, सगळं त्याच्या हाताशिवायही झालं असतं की काय. मैदान आपण राखलं असं तो इतकी वर्षं समजत होता.

"आता करा की मग वर," आप्पासाहेब समजुतीनं म्हणाले. "काय बिगडतंय त्यात? वडं गार व्हाय लागल्यात." दोघं तिघं हसले. त्या हसण्यानं बजरंगला अवघडल्यासारखं झालं असावं. सरांची अडचण झालीय, ती आपण सोडवावी, अशा भल्या मनानं तो मागच्या खुर्चीतून म्हणाला, "मी देतो ना अनुमोदन," आणि त्यानं उजवा हात वर केला.

"बजरंग, हात खाली!"

आवाज मैदानावरचा होता. भूमितीच्या फळ्यावर आपटून तो परत आला. बजरंगचा हात तत्क्षणी खाली गेला, आणि नुसता खाली नाही, बोटं आपोआप पॅंटच्या पट्ट्यात खोचली गेली, तेरा वर्षांच्या पोराची खोचली जायची तशी. बजरंगला ते कळलंही नव्हतं. तो तसाच ताठ बसून सरांकडे बघत होता. यज्ञेश्वरला ते दिसलं आणि रडू फुटलं, सगळ्यांसमोर, चष्म्याच्या खालून. त्यानं मांडीखालचा हात ओढून काढला. तो लाल झाला होता आणि त्याला सणसणून मुंग्या येत होत्या. दुखत होतं.

आप्पासाहेब वड्यांच्या पुड्याकडे बघत राहिले. मग सुनीतीनं घसा साफ केला. "सर, मग नाव कुणाचं घालू?"

"कुणाचंच नको," तो बाकातून उठत म्हणाला. उठताना गुडघा आपटला. "ठराव अजून झालेला नाही. मला बोलायचंय. आणि नंतर बजरंगलाही बोलू द्यायचंय."

"आवो, पर वडं..."

"होऊ देत गार," यज्ञेश्वर म्हणाला.